मामींबरोबर लालगुडीला

पहिला दिवस : गाडीत

दादरला हमालाने विचारलं, "ताई, पेटीत काय?" व्हायोलिन आहे म्हटल्यावर त्याने ती डोक्यावरून खाली घेतली आणि लहान मुलाला धरावं तशी छातीशी धरली. प्रवासाची सुरुवात बरी झाली.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी व्हायोलिन हातात घेतलं. आमचे गुरुजी गायकी अंगाचे, म्हणजे आधी गा, मग वाजव. चार वर्षं यमन, भूप, दुर्गा असं रेटत होते. एका संध्याकाळी शेजारच्या मामींनी बेल वाजवली. मामी त्रिचीकडच्या, लग्न होऊन माटुंग्याला आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. दारातूनच म्हणाल्या, "तुझा यमन रोज ऐकते. सूर लागतात गं. पण शब्द कुठायत?"

मला राग आला. वाद्यात कसले आलेत शब्द? दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी कॅसेट आणून दिली. गायक एक ओळ गायचा, मागून व्हायोलिन तीच ओळ वाजवायचं. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना दचकले. व्हायोलिनमध्ये ‘प’ ऐकू आला. मग ‘रा’. तेलुगू मला ओ की ठो येत नाही, पण तिथे अक्षरं होती, नुसते सूर नव्हते. वाजवणारे होते लालगुडी जयरामन. लालगुडी हे त्यांचं गाव, मामींच्या त्रिचीजवळचं.

म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि मामी निघालो. मामींना माहेर बघायचं होतं, मला ‘प’ कुठून आला ते बघायचं होतं. सोलापूर, वाडी, गुंतकल. चोवीस तासांचा प्रवास. मामींनी डब्यात पुळीयोदरै म्हणजे चिंचेचा भात आणला होता. तो दुसऱ्या दिवशी जास्त लागतो असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं निघालं.

दुसरा दिवस : चेन्नई

मार्गळी महिना म्हणजे चेन्नईत संगीताचा मोसम. मैलापुरात सकाळी सहाला दारोदारी रांगोळ्या, त्यांना इथे कोलम म्हणतात, आणि कपालीश्वराच्या तळ्याकाठी भजनाची मंडळी. सभागृहाला इथे ‘सभा’ म्हणतात आणि मैफिलीला ‘कच्चेरी’. आपल्याकडे कचेरीत माणूस दाखला काढायला जातो, इथे तोडी ऐकायला.

संध्याकाळी एका सभेत गेलो. गायिका तरुण, व्हायोलिनवर त्याहून तरुण मुलगा. मांडी घालून बसलेला, व्हायोलिनची मान उजव्या पावलावर टेकवलेली, दुसरं टोक छातीशी. पाश्चात्य वादक उभा राहून ते हनुवटीखाली धरतो तेव्हा डाव्या हातावर थोडा तरी भार येतोच. इथे वाद्य पाऊल आणि छाती यांच्यात अडकलेलं, त्यामुळे डावा हात पूर्ण मोकळा. गमक घ्यायला, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, परत यायला. तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या. परदेशी लाकडी पेटी इथे आली आणि तिला इथल्यासारखं बसायला शिकवलं.

मामी कानाशी कुजबुजत होत्या. तालीम वगैरे काही झालेली नसते. पुष्कळदा गायिका पुढे काय गाणार हे व्हायोलिनवाल्याला मंचावरच कळतं. ती आलाप सुरू करते, तो सावलीसारखा मागे राहतो. मग त्याची पाळी येते, तेवढ्याच वेळात त्याने तोच राग स्वतःच्या बुद्धीने मांडायचा, पण तिच्यापेक्षा लांबवायचा नाही. कल्पनास्वर, म्हणजे ऐनवेळी सुचणारी सरगम, सुरू झाले की सवाल-जवाब. ती फेकेल ते झेलायचं आणि तिथल्या तिथे परत द्यायचं. या सगळ्याला ‘पक्कवाद्यम्’ म्हणतात, म्हणजे बाजूचं वाद्य. शब्दातच त्याची जागा ठरवून टाकलेली आहे.

जयरामन बाराव्या वर्षी या जागेवर बसले. जन्म १७ सप्टेंबर १९३० चा. अरियकुडी रामानुज अय्यंगार, चेंबै वैद्यनाथ भागवतर, सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर, जी. एन. बालसुब्रमण्यम, मदुरै मणि अय्यर. या गायकांची नावं कर्नाटक संगीतात नुसती उच्चारली तरी लोक सावरून बसतात. प्रत्येकाची चाल वेगळी. कुणी संथ, कुणी विजेसारखा, कुणी शब्द चघळणारा, कुणी शब्दांवर पाणी सोडणारा. जयरामन या सगळ्यांच्या बाजूला बसले आणि ज्याच्याबरोबर बसले त्याच्यासारखे वाजले. मला वाटतं अक्षरांचं मूळ इथे असावं. जो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत इतकी वर्षं वाजवतो, त्याच्या बोमध्ये, म्हणजे गजात, ओठ उतरणारच.

मृदंगाचं ‘तनि आवर्तनम्’, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू झालं तसे निम्मे लोक उठून कँटीनकडे गेले. मला फार वाईट वाटलं. मामी म्हणाल्या, "चल, नाहीतर वडा संपेल." आम्हीही गेलो. (वडा उत्तम होता. मृदंगवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.)

परत आलो तेव्हा शेवटचा तिल्लाना सुरू होत होता, मोहनकल्याणीतला. हा लालगुडींचाच, मामींनी कोपराने ढोसून सांगितलं. तिल्लाना म्हणजे आपला तराणा, बहुतेक सगळे नुसते बोल. शब्दांसाठी नावाजलेल्या माणसाचं लोकांच्या ओठांवर सर्वात जास्त काय राहिलं, तर बिनशब्दांची गाणी. देस, बागेश्री, मधुवंती, द्विजावंती अशा रागांत त्यांनी तिल्लाने बांधले. यातले बरेच राग आपल्याकडून तिकडे गेलेले, त्यामुळे मराठी कानाला ते ऐकताना सासरी माहेरचं माणूस भेटावं तसं होतं. वर्णम नावाच्या रचनाही पुष्कळ केल्या. चारुकेशीतलं ‘इन्नुम एन् मनम्’ तर भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली माटुंग्यातही नाचतात.

मुंबईचाच आणखी एक धागा मामींना फार प्रिय आहे. गायिका बॉम्बे जयश्री. मुंबईत टी. आर. बालामणी यांच्याकडे शिकून ती पुढे चेन्नईला लालगुडींकडे गेली. व्हायोलिनवाल्याकडे गाणं शिकायला जाणं हे मला आधी विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.

तिसरा दिवस : चेन्नई ते त्रिची

एग्मोरहून सकाळची गाडी. विल्लुपुरमनंतर वृद्धाचलम, अरियलूर. बाहेर भाताची खाचरं हिरवीगार. या दिवसात सांबा भात उभा असतो, पोंगलच्या सुमाराला कापणी.

दुपारच्या पेंगेत मामींनी मेनुहिनची गोष्ट सांगितली. १९६५ साली जयरामन एडिंबराच्या महोत्सवात वाजवायला गेले. जगप्रसिद्ध पाश्चात्य व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिनने त्यांचं वादन ऐकलं आणि आपलं इटालियन व्हायोलिन त्यांना देऊन टाकलं. पुढे मेनुहिन भारतात आला तेव्हा जयरामननी त्याला हस्तिदंती नटराज दिला. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्यांनी बासरीवाले एन. रमणी आणि वीणावादक आर. वेंकटरामन यांना घेऊन व्हायोलिन-वेणू-वीणा असा तिघांचा कार्यक्रम सुरू केला. गायक नाहीच. बाजूचं वाद्य मधे येऊन बसलं.

लालगुडी स्टेशन खिडकीतून सर्रकन गेलं. आमची गाडी तिथे थांबत नव्हती. पिवळी पाटी दिसली, तिच्यावर तीन लिप्या, फलाटावर एक शेळी. मामींनी हात जोडले. वालाडी आलं, तेही गेलं. जयरामन यांचे वडील व्ही. आर. गोपाल अय्यर, त्यातला ‘व्ही’ या वालाडीचा. मग कोल्लिडमचा लांबलचक पूल, श्रीरंगमचे गोपुर, कावेरीचा पूल आणि उजव्या-डाव्या खिडकीत आळीपाळीने डोकावणारा त्रिचीचा खडक.

मुक्काम मामींच्या भाच्याकडे, श्रीरंगमला. रात्री भात, रसम, भात, ताक. झोप.

चौथा दिवस : लालगुडी

त्रिचीच्या छत्रम बसस्टँडवरून बस मिळते. वीसेक किलोमीटर. कावेरी, मग कोल्लिडम, मग ‘नंबर वन टोलगेट’ नावाचा थांबा. कंडक्टर तो एका दमात ‘नंबरवंटोलगेट’ असा ओरडतो, मला तो एखाद्या राक्षसाचं नाव वाटला.

माझ्याच आग्रहाने वाटेत दोनदा उतरून फोटो काढले आणि सप्तर्षीश्वराच्या देवळापाशी पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. दार बंद. आता चारला उघडणार. मामी काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग चार तास लालगुडीत. गाव म्हणावं तर तालुक्याचं, शहर म्हणावं तर झोपलेलं. खत-बियाण्यांची दुकानं, केळीचे घड, मोबाइल रिचार्ज. नावाबद्दल एक दंतकथा आहे. उत्तरेकडून आलेल्या कुणा मुसलमान सरदाराने लांबून देवळाचं तांबडं गोपुर बघून विचारलं, ‘ती लाल गुडी कुठली?’ तेलुगूत गुडी म्हणजे देऊळ. मूळ नाव तिरुत्तवत्तुरै. तवम् म्हणजे तप, तुरै म्हणजे घाट. कर्नाटक संगीतातले थोर संत-रचनाकार त्यागराज यांनी संस्कृतात त्याचं ‘तपस्तीर्थपुर’ केलं.

एका ओसरीवर सावलीत बसून मामींनी मला वंशावळ समजावली. त्यागराजांचे शिष्य लालगुडी राम अय्यर हे या घराण्याचे पूर्वज. त्यागराज इथे आले आणि या देवळातल्या शिव-पार्वतीवर पाच कृती, म्हणजे गाणी, रचल्या, त्या म्हणजे लालगुडी पंचरत्न. दोन सप्तर्षीश्वरावर, तीन देवीवर. देवीवरच्या तीन कांभोजी, भैरवी आणि तोडीत. तेव्हापासून या घरात त्यागराज म्हणजे घरचाच माणूस. गोपाल अय्यर जयरामनचे वडीलही आणि गुरूही. दुसऱ्या गुरूकडे जायची गरजच पडली नाही.

"आणि देवीचं नाव काय माहीत आहे? प्रवृद्धश्रीमती. जयरामनच्या बहिणीचं नाव काय? श्रीमती." श्रीमती ब्रह्मानंदम यांनी भावाबरोबर व्हायोलिनची जोडवादनं केली. पुढच्या पिढीत मुलगा जी. जे. आर. कृष्णन आणि मुलगी विजयलक्ष्मी.

कंटाळा आला म्हणून मी मामींना म्हटलं, ते पंचरत्न गाऊन तरी दाखवा. त्यांनी तोडीतलं ‘गति नीवनि’ धरलं. आवाज आता कापतो त्यांचा, पण ‘गति’तला ‘ग’ स्वच्छ, ‘ति’ वेगळी. मी ओसरीच्या कठड्यावर बोट बो समजून फिरवत होते, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी यमन वाजवताना एका बोमध्ये जितके सूर बसतील तितके कोंबते, बो संपला की उलटा फिरवते. शब्द कुठे तुटतो याच्याशी माझ्या गजाला काही देणंघेणं नसतं. लालगुडींचा बो अक्षर बदलतं तिथे वळतो. ‘ग’ला नवा बो, त्यातला ‘अ’ लांबतो तोवर सगळ्या हरकती त्याच बोमध्ये डाव्या बोटांनी, मग ‘ति’ला पुन्हा ठिणगी. व्यंजन उजव्या हाताचं, स्वर डाव्या हाताचा. इतकं सोपं. इतकं सोपं असतं तर मी आज कुठच्या कुठे असते, हेही लगेच लक्षात आलं.

चारला दार उघडलं. आत गारवा, वटवाघळांचा वास, तेलाचे दिवे. सप्तर्षींनी इथे तप केलं म्हणून देव सप्तर्षीश्वर. आम्ही दोघी आणि एक गुरुजी, बाकी कुणी नाही. देवीपुढे मामी पुन्हा ‘गति नीवनि’ म्हणाल्या, या वेळी पूर्ण. गुरुजींनी घंटा हातात धरून ठेवली, वाजवली नाही, गाणं संपेपर्यंत थांबले. सव्वाबाराला बंद झालेल्या दाराबद्दल मामींनी मला तिथे माफ केलं असावं.

पाचवा दिवस : तंजावर

लालगुडींच्या शोधात निघालेल्या माणसाने तंजावरला जाण्याचं तसं कारण नाही. पण व्हायोलिनच्या शोधात असाल तर आहे.

दक्षिणेत व्हायोलिन कोणी आणलं याचे तीन दावेदार सांगितले जातात. रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी, जे मद्रासजवळ मणलीला राहत असताना गोऱ्यांच्या बँडमधल्या वादकाकडून शिकले. दुसरे तंजावरच्या चार नामवंत भावांपैकी धाकटे वडिवेलू. तिसरे तंजावर दरबारातले वाराहप्पय्या. तिघांपैकी दोघांचा धागा एकाच राजाच्या दरबारात जातो, आणि तो राजा आपला भोसले. दुसरे सरफोजीराजे, १७९८ ते १८३२. श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या छत्राखाली वाढलेले. त्यांच्या पदरी पाश्चात्य वाद्यांचा बँड होता. वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांकडे गेले आणि १८३४ मध्ये त्या राजाने त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. मामींनी इथे मला थांबवलं. "बघ, वडिवेलूंना हस्तिदंताचं व्हायोलिन मिळालं, आणि आपल्याने मेनुहिनला हस्तिदंताचा नटराज दिला. हिशेब फिटला."

बृहदीश्वराच्या देवळात लोक शिखराकडे माना वर करून बघत होते. मी मागच्या बाजूच्या ओवरीतल्या भिंतीपाशी होते. १८०३ मध्ये सरफोजींनी तिथे भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. राजराज चोळाचं देऊळ, सभोवती सगळं तमिळ, आणि मी भिंतीपासून वीतभर अंतरावर बोट धरून देवनागरी अक्षरं लावत वाचते आहे. पहारेकऱ्याला वाटलं मी हात लावणार. त्याने दोनदा खाकरून दाखवलं.

सरस्वती महाल ग्रंथालयात काचेमागची मोडीतली कागदपत्रं पाहिली. व्हायोलिन कुठे दिसलं नाही. पण बाहेर बाकावर भेटलेल्या एका आजोबांनी आम्ही मुंबईच्या हे कळल्यावर मराठी सुरू केलं. घरात अजून बोलतात म्हणाले. त्यांच्या मराठीला तमिळ हेलकावा होता, काही शब्द आपल्याकडून केव्हाच गेलेले, ऐकताना पेशवेकालीन पत्र कुणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटलं. मी लालगुडींचं नाव काढलं. ते म्हणाले, व्हायोलिनचं ठीक आहे, पण तुमची खरी देणगी कीर्तन. त्यांनी ‘तुमची’ म्हटलं, ‘आमची’ नाही, हे मला घरी आल्यावर आठवलं.

कीर्तनाबद्दल ते बरोबरच होते. तंजावरच्या मराठी कीर्तनातून दक्षिणेची हरिकथा घडली, आणि त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग अजून त्याच नावांनी गातात. आज हरिकथेतलं मोठं नाव म्हणजे विशाखा हरी. त्यांचे गुरू कोण? मामींनी विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. लालगुडी जयरामन.

रात्री लॉजवर डासांनी हैराण केलं. लॉजचं नाव सांगत नाही, डास तंजावरचे होते.

सहावा दिवस : तिरुवैयारू

तंजावरहून बस, बारा-तेरा किलोमीटर, वाटेत पुलांमागून पूल. तिरु-ऐ-आरु, म्हणजे पवित्र पाच नद्या. त्यागराज इथेच राहिले आणि १८४७ मध्ये इथेच गेले. सरफोजींनी दरबारी बोलावलं तेव्हा ते गेले नाहीत, द्रव्य सुखाचं की रामाची सेवा असं कल्याणीत विचारून घरीच राहिले, ही गोष्ट इथे पोराटोरांना पाठ आहे. मराठी राजाने बोलावलं आणि हा माणूस आला नाही, याचा मला का कोण जाणे आनंद झाला.

पौष वद्य पंचमीला त्यांची आराधना असते. शेकडो गायक-वादक नदीकाठी बसून त्यांच्या पाच घनरागांतल्या पाच कृती, म्हणजे घनराग पंचरत्नं, एका सुरात गातात. आम्ही त्याआधी पोचलो. समाधीपाशी मांडवाची तयारी, बांबूंचे ढीग, कुणी सुतळी ओढतंय, कुणी खड्डे खणतंय. कावेरीला पाणी होतं. मेट्टूर धरणाचं पाणी २८ जानेवारीला बंद करायचा रिवाज आहे, तोवर नदी नदीसारखी दिसते.

समाधीवरचं देऊळ बांधलं बंगळूर नागरत्नम्मा यांनी. जन्माने देवदासी, गाण्यावर मिळवलेला पैसा त्यांनी इथे ओतला. बायकांना आराधनेत गायला मज्जाव होता, त्याविरुद्ध त्या भांडल्या. १९५२ साली गेल्या. समाधीकडे तोंड करून त्यांचा पुतळा बसलेला आहे. मामींनी आधी त्यांना नमस्कार केला, मग त्यागराजांना. क्रम मुद्दाम होता.

"आता वाजव."

मी म्हटलं, मामी, इथे? इथे लालगुडी बसले असतील, द्वारम बसले असतील, टी. एन. कृष्णन, एम. एस. गोपालकृष्णन. कृष्णन, गोपालकृष्णन आणि लालगुडी, यांना व्हायोलिनचं त्रिकूट म्हणतात. त्यातले दोघे एकाच वर्षी गेले, गोपालकृष्णन जानेवारी २०१३ मध्ये, लालगुडी २२ एप्रिलला. पद्मभूषण, संगीत नाटक अकादमी, ‘शृंगारम’ चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार, सगळं होऊन गेलेलं. त्यांच्या जागी मी यमन वाजवू?

"यमन कोण म्हणतंय? शब्द असलेलं काहीतरी वाजव."

पायरीवर बसले. घामाने बोटं घसरत होती. शब्द असलेलं मला पक्कं येतं ते एकच, तुकोबांचा एक अभंग, आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेला. मनातल्या मनात म्हणत बो फिरवला. अक्षर आलं की बो वळवायचा. पहिल्या ओळीत दोनदा चुकले. दुसऱ्या ओळीला एक अक्षर लागलं, मला स्वतःला ऐकू आलं. ‘ठ’ होता.

बांबू बांधणाऱ्यांबरोबर एक वयस्कर गृहस्थ उभे होते, कपाळाला गोपीचंदन, खांद्यावर पंचा. इकडे भजन संप्रदायात अभंग गातात, हे माहीत होतं. त्यांनी सुतळी खाली ठेवली, जवळ आले, डोळे मिटले आणि हाताने ताल धरत मोठ्याने गायला लागले. चाल माझ्या अभंगाची होती, मात्रा बरोबर बसत होत्या, विठ्ठलही वेळेवर येत होता. फक्त अभंग दुसराच होता.

मी मामींकडे पाहिलं. मामी पदराने तोंड झाकून हसत होत्या. मी वाजवत राहिले, कारण ते गृहस्थ फार छान गात होते, आणि तिसऱ्या ओळीपासून मी त्यांच्या तोंडाकडे बघून बो वळवायला लागले.